डोंगर, सूर्य, नदी, झोपडी: निसर्गचित्रात जीव कसा आणायचा आणि तो मुलांना कसा शिकवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत तुम्ही चित्रकला शिकवता. सातवी-आठवीच्या वर्गाला 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की चाळीसच्या चाळीस कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथून खाली येणारी निळी नदी, काठावर झोपडी आणि वाकडं नारळाचं झाड उमटतं. 'मोकळेपणाने काढा, भावना ओता' असं सांगून बघितलं, तर मुलांनी रंग फासले आणि कागदाचा चिखल झाला. दुसरा प्रश्न तुमच्या स्वतःच्या चित्राचा. असोग्याला मलप्रभेच्या काठावर बसून काढलेलं जलरंगातलं चित्र तुम्ही सोबत जोडलंय. रेखाटन बरोबर आहे, पण बघणारा त्याच्यासमोर थांबत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. त्या दिवसाबद्दल एक वाक्यही लिहिलंय, त्याच्याकडे शेवटी येतो.

मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. मी गेली सव्वीस वर्षं बेळगावात आणि आसपासच्या गावांत मुलांना, आणि अलीकडे निवृत्त मंडळींनाही, निसर्गचित्रण शिकवतोय. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या मुलांकडे भावना कमी नाहीत आणि तुमच्याकडे हात कमी नाही. 'इथं मला नेमकं कशानं धरलं?' हा प्रश्न कागदाला हात लावण्यापूर्वी कुणी विचारलेलाच नाही, तिथं अडलंय.

मुलं डोंगर रोज बघतात. पण कोरा कागद समोर आला की ती बघितलेला डोंगर काढत नाहीत, गिरवलेला डोंगर काढतात. त्रिकोण म्हणजे त्यांच्यासाठी डोंगराचं अक्षर आहे. 'क' काढताना आपण कुठं विचार करतो? तसंच ते. खरं तर आपल्या भागात टोकदार डोंगर शोधूनही सापडत नाही. वैजनाथचा डोंगर बघा, येळ्ळूरच्या शेतातून राजहंसगड बघा. बसलेल्या म्हशीसारख्या लांबट पाठी, वर सपाटी. नारळाचं झाडही ती दारातलं बघून काढत नाहीत, वहीच्या पुठ्ठ्यावरचं काढतात. तुमची अडचण उलट बाजूची आहे. तुम्ही सगळं बघितलंत आणि सगळ्याला सारखाच मान दिलात. देवळाच्या पायरीला जेवढं लक्ष, तेवढंच पलीकडच्या झुडपाला. मुलांनी काहीच निवडलं नाही, तुम्ही काहीच सोडलं नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं जसंच्या तसं उचलायचा प्रयत्न होणार नाही. पाचवीच्या आतल्या मुलांच्या त्रिकोणी डोंगराला मी हात लावत नाही. त्या वयात चित्र म्हणजे गोष्ट असते आणि ती सांगून होऊ द्यावी. सातवी-आठवीत मुलांना स्वतःचंच चित्र 'खऱ्यासारखं' वाटेनासं होतं. बरीच मुलं इथंच चित्र सोडतात. म्हणून तुमचा वर्ग मोक्याचा आहे. दुसरं, चाळीस मुलं आणि चाळीस मिनिटांचा तास यात बाहेर नेऊन जलरंग होत नाही, त्याचा हट्ट धरू नका. तिसरं, ड्रॉइंगच्या लोअर-हायर ग्रेडच्या सरकारी परीक्षांना बसणारी मुलं असतील तर त्यांना स्वच्छ, नेटकं काम करावंच लागतं. त्याची तयारी वेगळ्या तासाला घ्या. एकाच तासात 'मोकळं काढ' आणि 'कडेबाहेर रंग जाऊ देऊ नको' असं दोन्ही सांगितलं तर मुलगा फक्त दुसरं वाक्य ऐकतो, कारण मार्क नेटकेपणालाच मिळतात.

सुरुवात मी रंगाने कधीच करत नाही. शब्दाने करतो.

जुलैमधला एक तास सांगतो. बाहेर पाऊस, वर्गात दिवा लावलेला. मी पाठकोऱ्या कागदाला घड्या घालून सहा चौकोन करायला लावले. प्रत्येकाच्या हातात चुलीतला हलका, काडीसारखा कोळसा. मग फळ्यावर सहा शब्द लिहिले: भुरभुर, रिपरिप, सर, झड, धो-धो, वळीव. एका चौकोनात एक पाऊस काढायचा. ढग नाही, छत्री नाही, थेंबाचा आकार नाही, फक्त पाऊस. पहिली दोन मिनिटं सगळे एकमेकांच्या कागदात डोकावत होते. मग एका मुलीने भुरभुरसाठी कोळसा आडवा धरला आणि बोटाने नुसता पुसत नेला. शेजारच्या मुलाने धो-धोसाठी इतका दाब दिला की काडी मोडली. मोडलेल्या तुकड्यानेच त्याने उभ्या रेघा खाली ओढल्या. रिपरिपला एकीने बारीक, कंटाळलेल्या, एकसारख्या रेघा काढल्या आणि चौकोन भरला तरी थांबली नाही, शेजारच्या चौकोनात गेली. मी विचारलं तर म्हणाली, "सर, थांबतच नाही की ओ तो." वळिवाला मात्र बहुतेकांनी रेघा तिरक्या काढल्या, आणि एकाने खालच्या कोपऱ्यात काळा धुरळा उडवला, कारण वळिवाआधी वावटळ येते हे त्याला शेतावरून ठाऊक होतं.

त्या तासाला मी 'भावना' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. पण चाळीस कागदांवर चाळीस वेगळे पाऊस होते. आपल्या भाषेत पावसाचे एवढे शब्द आहेत ते उगीच नाहीत. प्रत्येक शब्दात वेग आहे, वजन आहे, किती वेळ चाललंय ते आहे, ऐकणाऱ्याचा वैताग किंवा आनंदही आहे. ते सगळं मुलाच्या कानात आणि अंगात आधीच आहे. ते हातात उतरवायला कोळशासारखं, दाब दिला की गडद आणि सोडला की फिकं होणारं साधन लागतं. पेन्सिल हे काम करत नाही. ती मुलांना परत बाह्यरेषेकडे नेते.

हाच धागा पुढे नेता येतो. पाऊस झाला की वारा, मग रस्ता: चढतो, वळतो, दमवतो, झाडीत शिरतो. 'समोर काय आहे?' असं विचारलं की मुलं नामं सांगतात आणि नामांची चित्रं ठरलेली असतात. 'ते काय करतंय?' असं विचारा. डोंगर काय करतोय? एका मुलाने मला सांगितलं होतं, "डोंगर पाऊस अडवून बसलाय." त्याने नंतर काढलेल्या डोंगरात त्रिकोण नव्हता. कागदाचा दोन तृतीयांश भाग भरणारी एक काळी पाठ होती आणि वर फिकट पट्टी.

माझ्या हातून झालेली एक चूक इथं सांगायलाच हवी, कारण माझी शिकवायची पद्धत तिच्यामुळे बदलली. सुरुवातीच्या वर्षांत एका सुट्टीच्या वर्गात मुलांना बघितलेला धबधबा आठवून काढायला सांगितला होता. गोकाकजवळच्या खेड्यातली एक मुलगी होती, अकरा-बारा वर्षांची. तिने अख्खा कागद तांबूस-तपकिरी रंगाने भरला. वरच्या कडेला झुलता पूल, अगदी बारीक, शिवणीच्या दोऱ्याएवढा. मी तिच्या हातातला ब्रश घेतला, पांढरा आणि निळा कालवला आणि 'पाणी असं दिसतं' म्हणत तिच्या तपकिरी रंगावर दोन-तीन पट्टे मारले. ती काही बोलली नाही. कागद गुंडाळताना एवढंच म्हणाली, "पावसाळ्यात तांबडं असतंय की ओ पाणी."

त्याच ऑगस्टमध्ये मी गोकाकला गेलो. घटप्रभा भरून वाहत होती. सुमारे ५२ मीटरचा तो कडा, घोड्याच्या नालासारखा वळलेला, आणि त्यावरून कोसळणारं पाणी मातीसकट, तांब्याच्या हंड्यासारखं. पांढरं फक्त खाली, तुषारांत. पुलाकडे बघितलं तर तो खरोखरच दोऱ्यासारखा दिसत होता. पूल लहान नाही, पण त्या पाण्यापुढे डोळ्यात काही शिरतच नव्हतं. तिच्या चित्रात प्रमाण चुकलं होतं असं मी समजत होतो. तिने भीतीचं प्रमाण अचूक धरलं होतं, आणि मी ते निळ्या रंगाने बुजवलं. ते चित्र पुन्हा माझ्या हाती आलं नाही.

तेव्हापासून मुलाच्या कागदाला माझा ब्रश लागत नाही. काही दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळा तुकडा घेतो, त्यावर दाखवतो आणि तो तुकडा माझ्याकडे ठेवतो. 'छान' किंवा 'असं नाही' या दोन्हींऐवजी मी प्रश्न विचारतो: सगळ्यात आधी कुठं बघावं असं तुला वाटतं? तिथं बघू न देणारं काय आहे? बहुतेक मुलं दुसऱ्या प्रश्नाला स्वतःच्या चित्रातली झोपडी दाखवतात.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर: शब्द आधी, मग कोळसा, मग एक गोष्ट ठरवणं, आणि शिक्षकाचा हात खिशात.

आता रंग. तुमचं नशीब असं की तुम्ही खानापुरात आहात आणि रंग पायाखाली आहे. जांभ्याची तांबडी माती ज्या लोहामुळे तांबडी, तेच गंजलेलं लोह दुकानातल्या बर्न्ट सिएना आणि लाइट रेडच्या ट्यूबमध्ये असतं. मुलांना वाटीभर माती आणायला सांगा. पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा, खडे-वाळू तळाशी बसेल. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी टाकून द्या. तळाशी लोण्यासारखी माती राहते. ती वाळवून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटा, मधाचा एक थेंब घाला म्हणजे तडकणार नाही. बैलहोंगल-सौंदत्तीकडे कुणाचा मामा राहत असेल तर तिकडची काळी माती मागवा. ती कागदावर जाड लावली की उन्हाळ्यात शेत भेगाळतं तशीच भेगाळते, आणि ते बघताना मुलांचे डोळे कसे होतात ते तुम्हीच बघा. या दोन मातींवर आणि कागदाच्या पांढऱ्यावर आमच्या मुलांनी एक अख्खा पावसाळा काढला. रंग कमी असले की मुलगा गडद-फिकं याचा विचार करायला लागतो, आणि चित्राचा भार बऱ्याच अंशी त्यावरच असतो.

ट्यूबचे रंग वापरायचे तेव्हाही हिरवी ट्यूब काढून घ्या. जुलैत आपल्याकडे सगळंच हिरवं, आणि एकाच ट्यूबमधून आलेला हिरवा रंग तरव्याला (भाताच्या कोवळ्या रोपांना), सागाला आणि बांबूला एकच करून टाकतो. लेमन यलोमध्ये थोडा काळा घातला तर मळकट शेवाळी हिरवा मिळतो, अल्ट्रामरीन घातला तर गार. रोप लावणीआधीच्या तरव्याचा पोपटी रंग म्हणजे जवळजवळ नुसता पिवळाच. आभाळासाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन: एक जास्त झाला तर करडा उबदार, दुसरा जास्त झाला तर थंड. जांबोटीकडून कणकुंबीपर्यंत जाताना आभाळ एवढ्या दोन रंगांत फिरत राहतं. आणि एक पाठ केलेलं वाक्य मोडायला शिकवा. 'लांबचा डोंगर फिकट आणि निळा' हे बऱ्याच वेळा खरं असतं, पण मोठी सर येऊन हवा धुऊन निघाली की लांबचा डोंगर गडद होतो आणि एकदम अंगणात आल्यासारखा दिसतो. तो क्षण ज्याने टिपला त्याला पुस्तकातल्या नियमाची गरज उरत नाही.

एक सवय वर्गाला जरूर लावा. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला आभाळाची कितीतरी छोटी चित्रं केली आणि अनेकांच्या पाठीवर तारीख, वेळ, वारा कुठून होता हे लिहून ठेवलं. आमची मुलंही चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि एक वाक्य लिहितात, बोलतात त्या भाषेत: 'आज नुसतं भुरभुर पडालाय, म्हशी गोठ्यातनं हलंनात.' वर्षाने तोच कागद काढला की चित्र काय म्हणतंय आणि वाक्य काय म्हणतंय हे मुलालाच ताडून बघता येतं. एकाच जागेची चित्रं काढायला लावणंही याच्यात येतं. शाळेच्या मागचा माळ मे महिन्यात, जुलैत, ऑक्टोबरात आणि भात कापल्यावर. चौथ्या चित्रापर्यंत 'माळ कसा दिसतो' हा प्रश्न संपलेला असतो, मग 'आज कसा आहे' एवढंच उरतं.

तुम्ही विचारलंय, मग रेखाटनाचा सराव बंद करायचा का? मुळीच नाही. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णींनी 'चित्रमंदिर' या आपल्या कलाशाळेत मुलांना घडवलं, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडे शिकले. आपल्या गावाची परंपरा डोळा आणि हात तयार करण्याची आहे आणि ती सोडण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. ज्याला कड्याचा उतार किती हे नीट दिसतं, तोच तो उतार मुद्दाम वाढवू शकतो. ज्याला दिसतच नाही, तो वाढवतोय की चुकतोय हे त्यालाही कळत नाही. रंग फासण्याला मोकळेपणा म्हणायचं मी म्हणूनच टाळतो. तुमच्या मुलांनी चिखल केला, कारण कशासाठी मोकळं व्हायचं हे त्यांना सांगितलं नव्हतं.

मोठ्या माणसांचं थोडं वेगळं. निवृत्त मंडळी नेटकेपणाने येतात, पुसायचं रबर सोडत नाहीत. त्यांना मी काडेपेटीएवढे चौकोन आखून देतो, एक जाड काळा पेन देतो आणि दोन मिनिटांचं घड्याळ लावतो. काळं, करडं, पांढरं, एवढ्या तीन छटा. त्या आकारात पायऱ्या आणि पानं मावतच नाहीत, त्यामुळे सोडावं लागतं. तुमच्यासाठीही मी हेच सुचवणार आहे.

आता तुमचं असोग्याचं चित्र. डावीकडे देऊळ, मागे रेल्वेचा पूल, पुढे खडक आणि मधून पाणी, उजवीकडे झाडी. पाण्याचा पातळ थर सुरेख उतरलाय, खडकांच्या ओल्या कडा मला फार आवडल्या; त्या काढणारा हात शिकलेला आहे. पण देऊळ, पूल आणि झाडी तिन्ही सारख्याच आवाजात बोलतायत, म्हणून नजर कुठंच बसत नाही. आणि तुम्ही सोबत लिहिलेलं वाक्य असं आहे: 'पुलावरून गाडी गेली तेव्हा काठावरची माणसं बोलायची थांबली.'

सर, तुम्हाला त्या दिवशी धरलं ते या वाक्यात आहे, आणि चित्रात त्यातलं काहीच नाही. माणसं नाहीत, गाडी नाही, दणका नाही, थांबणं नाही. देवळाच्या पायऱ्या मात्र आठ आहेत, मी मोजल्या.

काडेपेटीएवढे तीन चौकोन घ्या. पहिल्यात पूल वरच्या एक तृतीयांशावर आडवा, अगदी काळा, या कडेपासून त्या कडेपर्यंत; खाली सगळं पाणी फिकट आणि काठावर चार-पाच ठिपके, माणसांचे. दुसऱ्यात माणसं मोठी करा, पाठमोरी, माना वर वळलेल्या, आणि पुलाचा फक्त एक खांब कागदात येऊ द्या. तिसऱ्यात गाडी काढूच नका. खांबांची पाण्यातली प्रतिबिंबं दणक्याने तुटलेली दाखवा, बाकी स्तब्ध. यातलं कुठलं तुमचं ते मी सांगू शकत नाही, कारण तिथं तुम्ही होतात. देऊळ मात्र तिन्हींत नको. ते फार ओळखीचं आहे, आलं की सगळी नजर ओढून घेईल.

पाणी वाढायच्या आत पुन्हा एकदा जा. गाडीची वेळ आधी स्टेशनवर विचारून घ्या, कोळसा आणि पाठकोरे कागद एवढंच न्या, रंगपेटी घरीच ठेवा. गाडी येण्याआधीची पाच मिनिटं काढू नका, नुसतं ऐका.